रस्ता खाली आहे

आज सकाळी माझ्या सायकलीच्या साखळीतून इतकी तणीस निघाली, की गल्लीतली गाय ती खाऊन संपवेपर्यंत माझ्या दारातून हलली नाही. तणीस म्हणजे धानाचा वाळका पेंढा. धानाची कापणी आली की आमच्या बालाघाटात डांबरी रस्ते शेतकऱ्यांच्या ताब्यात जातात. रस्त्यावर पेंढ्या अंथरून द्यायच्या आणि बाजूला बिडी पेटवून बसायचं. बस, ट्रॅक्टर, कलेक्टरची गाडी, जो जाईल तो फुकटात मळणी करून देतो. सरकारनं रस्ते कशासाठी बांधले, याबद्दल आमच्याकडे दुमत नाही. त्या पेंढ्यांवरून सायकल गेली की चाकाखाली चरचर होते, गोडसर, धुळकट वास नाकात शिरतो आणि साखळी, गिअर, स्पोक, पायजमा, जिथं जागा मिळेल तिथं तणीस घुसते.

आमच्या कॉलनीत यंदा तब्येतीची साथ आली आहे. ज्याला त्याला डॉक्टरनं शुगर सांगितली आणि ज्यानं त्यानं सायकल घेतली. एकाच्या सायकलीला तर इतके गिअर आहेत की रेल्वेच्या इंजिनानं लाजून शेडमध्ये परत जावं. कॉलनीच्या मोबाईल ग्रुपवर परवा एका पोरीनं लिहिलं, "काका, आप तो रोज सायकल से ऑफिस जाते हो. कुछ टिप्स लिख दो ना." मी लगेच हौ म्हटलं. सायकल या विषयावर मी न थांबता गोंदियापर्यंत बोलू शकतो आणि परतीच्या गाडीत पुन्हा सुरुवातीपासून.

तर, सीटची उंची. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची. पेडल तळाशी असताना पाय सरळ झाला, की उंची बरोबर. चालवताना मात्र टाच नाही, पंजा लावायचा. सीट बुटकी ठेवली तर गुडघे तुमच्या कानाशी बोलायला येतात आणि काय बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एवढं लिहिलं आणि हात थांबला. कारण हे मला बाबांनी सांगितलं होतं. ज्या हंगामात त्यांची नजर जात होती, त्या हंगामात.

बाबा वीज खात्यात लाइनमन होते. खांद्यावर शिडी, एका हातात हँडल, अशी त्यांनी सगळी नोकरी सायकलीवर केली. बिरशाच्या जंगलात एकदा अस्वलानं त्यांची वाट अडवली, बाबांनी घंटी वाजवली आणि अस्वल बाजूला होऊन सलाम करून उभं राहिलं. ही गोष्ट मी सांगतो तशी. बाबा सांगायचे तेव्हा ते अस्वल नसून गाढव असायचं आणि सलाम बाबांनीच केलेला असायचा. रिटायर झाल्यावर ते रोज सकाळी वैनगंगेचा पूल ओलांडून आमच्या दोन एकर धानाकडे जायचे. धान दुसरा माणूस करायचा. बाबांचं तिथं काही काम नव्हतं. पण सकाळी सायकल काढायची, पलीकडे जायचं, बांधावर उभं राहून दोन शिव्या, दोन कौतुकाचे शब्द बोलायचे आणि परत यायचं. एवढ्यावर हा माणूस चालू होता.

त्या वर्षी कापणीच्या सुरुवातीला पुलापलीकडे रस्त्याच्या कडेला तणशीची एक गंजी उभी होती. कुणीतरी तिच्यावर पांढरा दुपट्टा टाकला होता. बाबांनी तिथं सायकल थांबवली, एक पाय टेकला आणि गंजीला म्हणाले, "जय भीम, गुरुजी." गुरुजी बोलले नाहीत. "नाराज हाय काय?" गुरुजी तरीही बोलले नाहीत. तेव्हा बाबांनी त्यांना तंबाखू देऊ केली.

ही गोष्ट शेतावरून घरी आली, घरून माझ्याबरोबर ऑफिसात गेली आणि माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत गंजीनं तंबाखू घेऊन चुनाही मागितला होता. सगळं ऑफिस हसलं. संध्याकाळी खरोखरचे गुरुजी घरी आले, खांद्यावर तसाच दुपट्टा. बाबांचे लहानपणचे मित्र. त्यांनी चहा घेतला, बाबा आत गेल्यावर मला म्हणाले, "तू हसून राह्यला, मी पण हसलो असतो. पण परवा तो माझ्या बाजूनंच सायकल चालवून राह्यलता आणि मलेच ठोकलं त्यानं. बाजूचं त्याले दिसून नाही राह्यलं, बापू."

गोंदियाच्या डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, पाहतच राहिले. काचबिंदू. पुष्कळ दिवसांचा, न सांगता आलेला. कडेची नजर आधी जाते, मग घेर आत आत येतो. गेलेली परत येत नाही. राहिलेली टिकावी म्हणून थेंब टाकायचे आणि टिकेलच असं नाही. मी विचारलं, "ऑपरेशन?" त्यांनी नाही अशी मान हलवली. मी विचारलं, "नागपूरला नेलं तर?" ते म्हणाले, "न्या. पण तेही हेच सांगतील." आम्ही नेलं. त्यांनीही तेच सांगितलं. "सायकल मात्र बंद," असं दोघंही म्हणाले.

घरी आल्यावर माझ्या बायकोनं, पुष्पानं विचारलं, "मामाजी, सायकलीचं काय म्हणले डॉक्टर?"

"गोंदियावाला म्हणला, गोंदियात चालवू नोको," बाबा म्हणाले. "नागपूरवाला म्हणला, नागपुरात चालवू नोको. बालाघाटाचं कोणीच काही बोललं नाही."

"उद्या तुमी निघाले तर मी दारात आडवी पडीन."

"पड. समोरचं दिसते मले. तुले वळसा मारून जाईन."

आम्ही चाकातली हवा काढली. त्यांनी भरून आणली. पंप लपवला, शेजाऱ्याचा आणला. एकदा मी सायकलीला कुलूप घालून किल्ली खिशात टाकून ऑफिसात गेलो. दुपारी पुष्पाचा फोन आला. बाबा मागचं चाक उचलून धरून, सायकल पुढच्या चाकावर ढकलत, पायी पायी शेतावर गेले होते आणि तसेच परत आले होते. ओसरीत बसून पोटऱ्या दाबत होते. मी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. दुसरं काय करणार होतो? डोळ्यांच्या बाबतीत माझ्या हातात काही नव्हतं आणि सायकलीच्या बाबतीतही नव्हतं, हे त्या दिवशी कळलं. पुष्पा म्हणाली, "थांबवता येत नाही ना तुमाले? मंग मांगं मांगं जा."

म्हणून मी सायकल चालवायला लागलो. शुगरसाठी नाही, पोटासाठी नाही. ते पोट तेव्हा असं होतं की ऑफिसात ते आधी हजेरी लावायचं आणि मी मागून पोहोचायचो. पहिल्या दिवशी मी सीटवर बसलो तेव्हा मागचा टायर आई गं म्हणाला, हे मी स्वतः ऐकलं आहे. रेल्वे फाटकापर्यंत गेलो आणि माझ्या छातीत राइस मिल सुरू झाली. बाबा पुढून ओरडले, "काहून बे, मेला काय?"

"नाही, येऊन राह्यलो."

"टाचेनं नोको मारू, पंजानं मार. आणि सीट वर कर, बेडकावानी बसला हायेस."

मागं न बघता सांगितलं. बघून तरी काय दिसणार होतं म्हणा.

तर ग्रुपवाल्यांनो, पहिल्या दिवशी फाटकापर्यंतच जा. दुसऱ्या दिवशी फाटकाच्या पलीकडे. बोलता बोलता चालवता आलं पाहिजे. बोलणं बंद झालं की वेग जास्त झाला असं समजा. माझ्यासारख्याला ही मोजणी फारच सोयीची आहे. थंडीत स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राचं एक पान घाला. वैनगंगेच्या पुलावरचा वारा बातम्या वाचत बसतो, आत शिरत नाही. पायजम्याच्या उजव्या पायाला क्लिप लावा. फाटकातले रूळ तिरके कापू नका, सरळ कापा, नाहीतर रूळ पुढचं चाक धरून ठेवतो आणि तुम्हाला जाऊ देतो. आणि रस्त्यावर तणीस असेल तर ब्रेक दाबायचा नाही. हँडलही वळवायचं नाही. आधीच हळू व्हायचं आणि चाकाला आपलं आपण जाऊ द्यायचं. तणशीवर ब्रेक म्हणजे साबणावर पाय. हेही बाबांचंच.

मी त्यांच्या उजव्या हाताला, अर्धं चाक मागं राहायचो. म्हणजे ट्रकच्या बाजूला मी. माझ्या रुंदीचा आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला. आणि तोंडाचाही. समोर काय, बाजूला काय, ते मी सतत सांगायचो. म्हैस. ट्रॅक्टर. बाई, डोक्यावर भारा. कुत्रा, झोपलेला. कुत्रा, उठलेला. बाबांना मी त्यांच्यासाठी बोलतो आहे असं वाटू नये, म्हणून मी ते गप्पांत मिसळायचो: "ही म्हैस पाहा बाबा, डाव्या हाताले, मागच्या जन्मी आमच्या ऑफिसात हेडक्लार्क होती, तशीच हालत नाही." बाबा हसून जरा उजवीकडे यायचे. त्यांना सगळं कळत होतं. पण त्यांनी कधी तसं दाखवलं नाही आणि मीही नाही.

त्यांचाही एक रस्ता होता, जो मला दिसत नव्हता. बस स्टँडजवळचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, त्या आवाजावर ते वळायचे. "आवाज पायतोस काय? तेल कमी झालं याचं." पुढं राइस मिलचा कोंड्याचा गरम वास. मग पूल, म्हणजे एकदम गार वारा आणि टायरचा आवाज बदललेला. एके दिवशी तिथंच म्हणाले, "पाइपातून पायल्यावानी दिसते. आधी नालीचा पाइप होता. आता नळाचा हाय."

आठवड्याला आठवडा लागत गेला. धान कापून झालं, बांधावर भारे लागले, रस्ते सोनेरी झाले. हंगाम जसा भरत गेला तसा तो पाइप बारीक होत गेला. सकाळ-संध्याकाळ पुष्पा थेंब टाकायची, बाबा डोळे मिटून पडून राहायचे आणि मी उगाच बाटलीवरची अक्षरं वाचत उभा राहायचो, जणू त्यात एखादी ओळ आमच्यासाठी लिहायची राहून गेली असेल. कधी कधी मी नदीला, धानाला, कुणाला ते न ठरवता, मनात म्हणायचो, जरा हळू. कोण ऐकतं!

एकदा पुलावर बाबांनी विचारलं, "कठड्याले पांढरा रंग होता ना? पुसला काय?"

रंग ताजा होता. कठडा दुधासारखा चमकत होता.

"हौ बाबा," मी म्हणालो, "पुसला."

आयुष्यात मी डोंगराएवढ्या थापा मारल्या आहेत. एवढीशी कधी मारली नव्हती. ती गिळायला मला पूल संपेपर्यंत वेळ लागला.

आणि मग एक सकाळ धुक्याची आली. धुकं इतकं दाट की ते पोत्यात भरून गोंदियाला विकता आलं असतं. मला माझंच पुढचं चाक दिसेना. मी म्हणालो, "बाबा, आज राहू द्या." बाबा म्हणाले, "काहून? मले तर रोजच्यासारखंच हाय." आणि ते पुढं निघाले. मी पायानं जमीन चाचपत मागं. "बाबा! कुठं हाय तुमी?" धुक्यातून घंटी वाजली. "मांगं मांगं ये. घंटी आयक." त्यांनी घंटी थांबवलीच नाही. ट्रिंग, म्हणजे सरळ. ट्रिंग ट्रिंग, म्हणजे वळण. ट्रान्सफॉर्मर गुणगुणला, कोंड्याचा वास आला, वारा गार झाला, आणि मी, डोळे शाबूत असलेला एवढा मोठा माणूस, त्या आवाजाला धरून पूल ओलांडून गेलो. पलीकडे बाबा खुशीत होते. अख्ख्या हंगामात तेवढे खूश मी त्यांना पाहिलं नाही. गुरुजी भेटले तर त्यांना म्हणाले, "आज याले मी घेऊन आलो."

हंगाम तिथंच थांबवता आला असता तर.

त्यानंतर लवकरच, एका लख्ख सकाळी, पुलापलीकडच्या सरळ रस्त्यावर पेंढ्या अंथरल्या होत्या. दूरपर्यंत ना ट्रक, ना बस, ना म्हैस. ऊन असं पडलेलं की मलाच गाणं म्हणावंसं वाटलं. मला वाटलं, आज बाबांना जरा मोकळं सोडावं. मी ओरडलो, "बाबा, खाली हाय! पुरा खाली हाय!"

आता इथं बालाघाटाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या तोंडात मराठी आणि हिंदी एकाच ताटात जेवतात. बस खाली असते, सिलिंडर खाली असतो, माझं डोकं तर नेहमीच खाली असतं, म्हणजे रिकामं. हिंदीतलं खाली. पण बाबा भंडाऱ्याकडच्या घरात वाढलेले. त्यांचं खाली म्हणजे खालीच. खड्डा, उतार, नाला. त्यांनी ऐकलं की पुढं खाली आहे, पुरं खाली आहे, आणि त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. तणशीवर.

सायकल आडवी घसरत गेली. बाबा पेंढ्यांत पडले, डावा हात अंगाखाली. पेंढ्या उलटवणाऱ्या बाया धावत आल्या. मी माझी सायकल कुठं टाकली ते मला आठवत नाही.

"काहून बे," बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "काय होतं खाली?"

"काहीच नाही बाबा. रस्ता खाली होता."

"म्हंजे?"

"म्हंजे रिकामा."

बाबांनी आभाळाकडे तोंड वळवलं. दाढीत तणीस अडकलेली. मग म्हणाले, "मंग रिकामा म्हण ना, बह्याडा! माझ्या घरात हे हिंदी खाली कवापासून आलं?"

एक बाई हसायला लागली, मग दुसरी, मग बाबा स्वतः. मीही हसलो. हसता हसता त्यांच्या मनगटाकडे लक्ष गेलं. ते फुगत होतं.

प्लास्टर निघेपर्यंत मळण्या संपल्या होत्या. रस्ते पुन्हा काळे झाले होते. आणि तो पाइप बंद झाला होता. दार कुठं, खिडकी कुठं, एवढा उजेड राहिला. डॉक्टर म्हणाले, हात चांगला जुळला. हाताचं अगदी सविस्तर बोलले.

त्याच्या दुसऱ्या सकाळी बाबा भिंतीला धरत शेडात गेले. मी आणि पुष्पा दारात उभे. त्यांनी हँडल चाचपलं, सीट चाचपली, टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. सायकल अंगणात आणली. मग त्यांनी तिला दोन पायांच्या स्टँडवर चढवलं, मागचं चाक जमिनीपासून वर झालं, आणि ते सीटवर बसले. पंजा पेडलवर. चाक फिरायला लागलं, जोरात, अधांतरी.

"उभा काय राह्यला बे?" ते म्हणाले. "रस्ता सांग."

तेव्हापासून रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी ओसरीच्या पायरीवर बसतो आणि रस्ता सांगतो. फाटक बंद आहे, हत्ती घेऊन मालगाडी चालली आहे. पुलावर वाघ बसला आहे. "त्याले म्हण, एका बाजूनं बस," बाबा म्हणतात आणि पेडल मारत राहतात. डॉक्टर म्हणतात, या वयात अशी तब्येत पाहायला मिळत नाही. मग मी माझी सायकल काढून त्याच रस्त्यानं खरोखरचा जातो आणि तिथून ऑफिसात. उद्या सांगायचं म्हणून सगळं डोळे फाडून बघतो. कठड्याला आता नवा रंग दिला आहे. त्यातला बोटभरसुद्धा मला घरी आणता येत नाही. संध्याकाळी आलो की बाबा माझ्या साखळीवरून बोट फिरवतात, तणशीची काडी ओढून काढतात, वास घेतात आणि म्हणतात, "अजून ओली हाय. कापणी नुकतीच लागली." त्यानंतर माझ्या सगळ्या थापा तोकड्या पडतात.

आज सकाळी या मोसमातलं पहिलं धुकं आलं. अंगणातला पेरू दिसत नव्हता. बाबा सायकलीवर बसले, चाक फिरायला लागलं. मी पायरीवर बसलो आणि काही केल्या मला काही सुचेना. ना हत्ती, ना वाघ. समोर फक्त पांढरं होतं आणि त्यात चाकाचा आवाज.

"आज काहून गप्प हायेस?"

"धुकं हाय बाबा," मी म्हणालो. "मलेही काहीच दिसून नाही राह्यलं."

त्यांचे पाय थांबले नाहीत. अंगठा घंटीवर गेला. ट्रिंग.

"मंग मांगं मांगं ये."

कप खाली झाला होता. तो मी खाली ठेवला आणि घंटी ऐकत बसलो.